बहीण खानापूरला, माहेर चंदगडला, केस कुठं घालायची?

काजूवाली:
नमस्कार. धाकट्या बहिणीला कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात दिलंय, आमचं माहेर महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात. नवरा पिऊन मारतो, आता पोरांवर पण हात टाकायला लागलाय. थोरला दुसरीत आहे, बापाच्या गाडीचा आवाज आला की टीव्ही बंद करून धाकटीला घेऊन माळ्यावर जाऊन बसतो, कुणी शिकवलेलं नाही त्याला. बहिणीला निघायचंय पण सासू म्हणते उंबरा ओलांडलास की घरावरचा हक्क गेला आणि पोरं आमची. पोलीस स्टेशनात गेली तर कन्नडमधल्या कागदावर सही घेऊन "समज देतो" म्हणून परत पाठवलं. केस कर्नाटकात करायची की महाराष्ट्रात? पोरांच्या शाळेचं काय? सांगा की कुणीतरी.

वकील_बेळगाव:
ताई, सासूबाई बोलल्या ते कायद्यात कुठंही नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात कलम 17 बघा, घर कुणाच्याही नावावर असू दे, तिला त्यात राहायचा हक्क आहे आणि जीव वाचवायला बाहेर पडली म्हणून तो जात नाही. आता सीमेचं. कलम 27 प्रमाणे ती तात्पुरती जिथं राहते तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे पण अर्ज चालतो, म्हणजे माहेरी आली तर चंदगडला, नाहीतर खानापूरला, आणि हुकूम मिळाला की तो अख्ख्या देशात लागू. माझ्या मते पोरांना घेऊन येणार असेल तर चंदगडलाच घाला, बोललेलं तिला कळेल आणि दर तारखेला सासरच्या लोकांच्या गर्दीतून जायला नको. त्याच एका अर्जात मारहाणीला मनाई, राहायची सोय, खर्चाला पैसे, पोरांचा तात्पुरता ताबा सगळं मागता येतं, आणि धोका दिसला तर नवऱ्याचं म्हणणं ऐकायच्या आधीच अंतरिम हुकूम निघू शकतो. पाच वर्षांच्या आतलं मूल तर हिंदू कायद्यात साधारणपणे आईकडंच राहतं. सासरच्या छळाची पोलीस केस, म्हणजे पूर्वीचं 498अ, आता बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम 85, ती वेगळी. ती माहेरच्या हद्दीत पण करता येते, सुप्रीम कोर्टानं 2019 मध्ये सांगितलंय. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका, बाईमाणसाला उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, फोन 15100. आणि इथून पुढं मराठीत वाचून समजावल्याशिवाय कुठल्याच कागदावर सही नको.

अंगणवाडीताई_खानापूर:
मी याच भागात काम करते म्हणून सांगते. आपल्याकडं कर्नाटकात सीडीपीओ मॅडमच, म्हणजे अंगणवाड्या बघणाऱ्या बालविकास प्रकल्प अधिकारीच, या कायद्याखालच्या संरक्षण अधिकारी असतात, तालुक्याच्या ऑफिसात जाऊन तोंडी सांगितलं तरी त्या घटनेचा रिपोर्ट भरून कोर्टात पाठवतात. पैशाची अडचण असली तरी आधारवर कर्नाटकचा पत्ता असेल तर बेळगावपर्यंत सरकारी बस बायकांना फुकट आहे. लागलं असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवा आणि डॉक्टरला "पायरीवरून पडले" सांगू नका, आमच्या बायका हेच सांगतात हो, मग कोर्टात तोच कागद उलटा पडतो. नवऱ्यानं मारलं असंच लिहून घ्या. आधार, पासबुक, पोरांचे जन्मदाखले, लग्नाचे फोटो आधीच तुमच्याकडं हलवा, तो घरात नसताना.

मास्तर_निपाणी:
शाळेची काळजी करू नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात दुसऱ्या राज्यात जायचं असलं तरी हेडमास्तरनं टीसी लगेच द्यायची असते, आणि टीसीला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश अडवू शकत नाही. टीसीच्या आधीच पोराला वर्गात बसवा. पण अक्का, मला जास्त चिंता त्या माळ्याची वाटते. तिथं अडकला तर बाहेर पडायला वाट नाही. त्याला सांगा भांडणात मध्ये यायचं नाही, धाकटीला घेऊन अमक्या काकूंच्या घरी पळायचं, घर ठरवून द्या, त्या काकूंना पण सांगून ठेवा. पोलिसांचा 112 आणि मुलांच्या मदतीचा 1098 हे नंबर पाठ करून घ्या. आणि यात त्याचा काही दोष नाही हे तुमच्या बहिणीनं स्वतः त्याला सांगावं, या वयाची पोरं आपल्यामुळंच झालं असं मनात धरून बसतात आणि बोलत नाहीत. बापाविरुद्ध काय बोलायचं ते मात्र पढवू नका, कोर्टात तर नकोच.

काजूवाली:
खूप आधार वाटला. नवरा तिचा फोन तपासतो, 181 ला, त्या महिला हेल्पलाइनला, लावला तर कळेल त्याला?

अंगणवाडीताई_खानापूर:
कॉल लिस्टमध्ये दिसणार की. तिच्या फोनवरून नकोच, अंगणवाडीत धाकटीला सोडायला आली की तिथल्या ताईंच्या फोनवरून लावू दे. 181 वर राहायची जागा पण विचारा, सखी सेंटरमध्ये, म्हणजे अशा बायकांसाठीच्या सरकारी केंद्रात, पोरांसकट थोडे दिवस ठेवून घेतात. पण मारायला लागला तर ताई, फोन कुणाचा ते बघू नका, सरळ 112.