संशोधकाची निवड करताना सायटेशनचा आकडा आधी बघावा का?

पाषाणकर (धागाकर्ता)
जीववैद्यकीय संशोधनातल्या जागांसाठी अर्ज केला की बायोडेटा उघडण्याआधी एच-इंडेक्स विचारला जातो. हा निर्देशांक होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवला. २० निबंधांना प्रत्येकी किमान २० सायटेशन (म्हणजे इतरांच्या निबंधांत आलेले उल्लेख) असतील, तर एच-इंडेक्स २०. म्हणजे एखादीचे तीनच निबंध असले आणि तिन्ही जगभर वाचले गेले, तरी तिचा आकडा तीनच!

आपल्या पुण्याचंच बघा. मधुमेहतज्ज्ञ डॉ. याज्ञिकांच्या गटाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. आपली बाळं वजनाने कमी असूनही त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं, हे मांडणारा निबंध आला २००३ मध्ये. अशा कामावर उमेदवारी करणाऱ्या तरुणाने मधल्या दहा वर्षांत निवड समितीला कोणता आकडा दाखवायचा? हा आकडा निवडीतून काढून टाकावा, असं माझं ठाम मत आहे.

सांगलीची_पीएचडी
सर, आकडा काढला की उरतं काय? समितीतल्या लोकांचं मत. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. माझे गाइड कुणाला फोन करणारे नाहीत. मुलाखतीत पहिल्यांदा मान वर करून बघतात ती सायटेशन बघितल्यावरच. 'गुणवत्ता पारखा' म्हणणं सोपं आहे, पण पारखणारे कोण असतात हेही सांगा. आणि तुम्ही दिलेल्या कामाला पुढे सायटेशन मिळालीच की.

पाषाणकर
मिळाली, पण उशिरा. कोविडच्या एमआरएनए लसींमागच्या संशोधक कातालिन कारिको यांना १९९५ मध्ये त्यांच्या विद्यापीठाने खालच्या पदावर आणलं. एमआरएनएवरचा त्यांचा महत्त्वाचा निबंध २००५ चा आणि नोबेल २०२३ चं. तोवर नोकरी कुणी टिकवायची?

ग्रंथालयवाला
दोघांनीही एक लक्षात घ्या, सायटेशन म्हणजे शाबासकी नव्हे. लसीचा संबंध ऑटिझमशी जोडणारा वेकफिल्डचा १९९८ चा निबंध 'लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला, तरी त्याची सायटेशन भरपूर आहेत. कितीतरी जणांनी तो खोडून काढण्यासाठीच उद्धृत केला. जगात सर्वाधिक उद्धृत झालेल्या निबंधांत लॉरी यांचा १९५१ चा निबंध येतो. त्यात आहे प्रथिनं मोजण्याची पद्धत. पद्धत वापरली की नाव द्यावंच लागतं. शिवाय सायटेशन मोजणाऱ्या डेटाबेसांतही फरक असतो: त्याच माणसाचा एच-इंडेक्स गूगल स्कॉलरवर जास्त आणि स्कोपसवर कमी दिसतो. समिती कुठला धरते, हे जाहिरातीत क्वचितच असतं.

वॉर्डातली_डॉक्टर
आम्हा वैद्यकीय महाविद्यालयातल्या लोकांचं दुखणं याहून वेगळं. सकाळी ओपीडी, दुपारी वॉर्ड, आणि बढतीला शोधनिबंध हवेतच. मग पैसे भरून छापणारी जर्नलं धावून येतात. पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये दाखवलं होतं, की यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) तेव्हाच्या मान्य जर्नल-यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या, स्कोपससारख्या कुठल्याच डेटाबेसमध्ये नोंद नसलेल्या जर्नलांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात. त्या वेळी सायटेशन बघितली असती तर असला माल लगेच उघडा पडला असता. म्हणून मी सांगलीच्या ताईंच्या बाजूने.

पाषाणकर
डॉक्टर, निबंध वाचले असते तरी तो माल उघडा पडला असता. जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातल्या निबंधांना सरासरी किती सायटेशन मिळतात, त्यावरून) माणसाची किंमत करू नका, असं संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दलचा सॅन फ्रान्सिस्कोचा जाहीरनामा २०१२ पासून सांगतोय. उमेदवाराने आपले पाच निबंध निवडून द्यावेत आणि समितीने ते वाचावेत.

ग्रंथालयवाला
एका जागेला शेकडो अर्ज आले तर?

पाषाणकर
तर वाचणारे वाढवा. माणसाची पंधरा वर्षं ठरवताना पाच निबंध वाचायला वेळ नसेल, तर त्या समितीने बसूच नये.

सांगलीची_पीएचडी
वाचा ना, मला हवंच आहे. पण प्रत्येक निबंधावर लेखी शेरा आणि गुण द्या, नि नाकारलेल्या उमेदवारालाही ते बघायला मिळतील, असं जाहिरातीतच छापा. एवढं कुठल्याही एका संस्थेने केलं, तर मी आकड्याचा आग्रह सोडेन. तोवर नाही.