मदत हवी आहे: अर्धा शब्द टाकला की पुस्तक सापडतं, पूर्ण टाकला की गायब

नमस्कार मंडळी,

नारायण पेठेतल्या एका जुन्या वाचनालयाची ग्रंथसूची मी संध्याकाळी जाऊन संगणकावर चढवतो आहे. शोधासाठी इलास्टिकसर्च हे शोधाचं सॉफ्टवेअर बसवलं आहे. मागच्या आठवड्यात एक आजी कोथरूडहून दोन बस बदलून आल्या. त्यांनी शीर्षकातला पहिला शब्द, ‘महाराष्ट्रातील’, नीट पूर्ण टाईप केला. पडद्यावर आलं, ‘एकही नोंद नाही’. त्या परत गेल्या आणि पुस्तक कपाटातच होतं. तेव्हापासून मला चैन नाही.

नंतर मी स्वतः एकेक अक्षर टाकत पाहिलं. ‘महाराष्ट्र’पर्यंत यादी व्यवस्थित दिसते. पुढचा काना दिला की यादी रिकामी!

शीर्षकाच्या फील्डला एज एन-ग्रॅम (प्रत्येक शब्दाचे सुरुवातीपासूनचे तुकडे साठवणं) लावलं आहे, तुकड्याची लांबी किमान २, कमाल १०. सुरुवातीला शोधतानाही तोच अ‍ॅनालायझर (मजकुराचे शोधण्याजोगे घटक पाडणारा भाग) चालत होता, त्यामुळे ‘पुणेरी’ टाकलं की ‘पुराण’, ‘पुतळा’ सगळं यायचं. म्हणून शोधासाठी, तुकडे न करता पूर्ण शब्द घेणारा स्टँडर्ड अ‍ॅनालायझर वेगळा दिला. तो गोंधळ थांबला आणि हा सुरू झाला.

आणखी दोन अडचणी आहेत. दाखल क्रमांक (वाचनालयाने पुस्तकाला दिलेला नंबर) ४५१ शोधला तर ४५१०, ४५१७ वर येतात आणि नेमका ४५१ खाली कुठेतरी. शिवाय ‘पुणे’ टाकल्यावर ‘पुण्याचा’, ‘पुण्यातील’ अशी शीर्षकं येतच नाहीत. हिंदीचा तयार अ‍ॅनालायझर लावून पाहिला, पण त्याला आपल्या विभक्ती कळत नाहीत, आणि ‘दिन’ नि ‘दीन’ तो एकच करून टाकतो.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

तुमचं कमाल १० हेच कारण. ‘महाराष्ट्रातील’ आपल्या डोळ्याला ६ अक्षरं, पण यंत्र काना, वेलांटी, हलन्त सगळं सुटं मोजतं, म्हणजे १४. इंडेक्समध्ये (शोधासाठी साठवलेल्या सूचीत) पहिल्या १० चिन्हांपर्यंतचेच तुकडे आहेत. ते ‘महाराष्ट्र’ला संपतात. मराठीसाठी कमाल २० तरी ठेवा.

पण खरी चूक एकाच फील्डकडून दोन कामं करून घेण्याची आहे. शीर्षकाची तीन रूपं साठवा: एक कीवर्ड (अख्खं शीर्षक जसंच्या तसं), एक पूर्ण शब्दांचं, एक तुकड्यांचं. शोध तिन्हींत करा आणि कीवर्डला सर्वांत जास्त वजन द्या. दाखल क्रमांकाला तुकडे करूच नका. तो निव्वळ कीवर्ड ठेवा आणि त्याच्या नॉर्मलायझरमध्ये (मजकूर एकसारखा करणाऱ्या भागात) डेसिमल डिजिट फिल्टर घाला, म्हणजे कुणी मराठी आकडे टाकले काय नि इंग्रजी टाकले काय, नोंद एकच मिळेल.

इलास्टिकसर्चमध्ये मराठीचा तयार अ‍ॅनालायझर नाही. ‘पुणे’ आणि ‘पुण्याचा’ यांत सारखं आहे ते फक्त ‘पुण’ एवढंच, त्यामुळे सामान्यरूपाचं काम तुकड्यांनी होणार नाही. स्टेमर ओव्हरराइड फिल्टरला (कुठलं रूप कुठल्या मूळ शब्दाचं हे ठरवून देणारा फिल्टर) हाताने यादी द्या. गावांची नावं आधी घ्या. आणि हो, अ‍ॅनालायझर बदलल्यावर जुन्या नोंदी रीइंडेक्स केल्याशिवाय, म्हणजे इंडेक्समध्ये नव्याने भरल्याशिवाय, काहीच फरक दिसणार नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार. काल रात्री रीइंडेक्स केलं. ‘महाराष्ट्रातील’ सापडतं आणि ४५१ एकटा येतो. आजींना फोन करून पुस्तक काउंटरवर काढून ठेवलं आहे.

ग्रंथपाल बाईंबरोबर बसून यादी करतो आहे: पुणे-पुण्या, ठाणे-ठाण्या, सातारा-साताऱ्या. साताऱ्यापाशी अडलो होतो. जुन्या नोंदींत ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाईप झाला आहे, काही ठिकाणी थेट ‘ऱ’ने, काही ठिकाणी साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक घालून. दिसायला सारखेच, पण यंत्राला वेगळे. मॅपिंग कॅरॅक्टर फिल्टर (एका अक्षरक्रमाच्या जागी दुसरा ठेवणारा) लावून दोन्ही एक केले. दुसऱ्या कुणाच्या सूचीत असं असेल तर आधी हे तपासा.