उन्हात बंद, सावलीत चालू: फ्युएल पंपाचे तुमचे अनुभव लिहा

२५ मेला नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले तापलेले नऊ दिवस, लागतो. जुन्या गाडीत ज्यांनी इंजिन, कार्ब्युरेटर किंवा टाकीतून इंजिनाला पेट्रोल पोचवणारा पंप बदलून घेतला आहे, त्यांनी उन्हात गाडी बंद पडल्याचे अनुभव इथे जरूर लिहावेत. 'पंप बदलला, बरं झालं' एवढ्यावर थांबू नका. बंद पडली त्या क्षणी काय तपासलं, ते हवं आहे. गाडी थंड झाली की पुरावा निघून जातो.

माझ्यापासून सुरुवात करतो. १९८८ची पद्मिनी. मूळ मेकॅनिकल, म्हणजे इंजिनाच्या फिरण्यावर चालणारा, पंप काढून मी इलेक्ट्रिक बसवून घेतला आणि सोयीची जागा म्हणून इंजिनशेजारीच लावला. सकाळी गाडी झकास. दुपारी नागपुरात सीताबर्डीच्या गर्दीतून वर्धा रोडला लागलो की अजनीच्या आसपास धक्के, मग बंद. झाडाखाली वीस मिनिटं उभी केली की पुन्हा चालू. दोन पंप बदलले. शेवटी पारदर्शक फिल्टर लावला, तर बंद पडताना त्यात नुसते बुडबुडे! पंपाचा आवाजही बदललेला, भरल्या घरघरीच्या जागी कोरडी टरटर.

टाकी मागे, पंप पुढे. एवढ्या लांबून ओढताना पाइपातला दाब घटतो, आणि दाब घटला की तापलेलं पेट्रोल लवकर उकळतं. असा पंप ढकलायला तयार असतो, ओढायला कुचकामी. आता तो मागे, टाकीच्या तळापेक्षा खाली, सायलेन्सरपासून लांब आहे. इंजिन थांबलं की त्याचा करंट तोडणारा स्विचही लावला. अपघातात पंप पेट्रोल ओतत राहिला तर काय होईल, या विचाराने झोप लागत नव्हती. गेले दोन उन्हाळे गाडी एकदाही थांबलेली नाही.

वाडीहून, जुनी जीप, इंजेक्शनचं इंजिन

भाऊ, माझं दुखणं वायरिंगचं निघालं. पंप टाकीच्या आत. सकाळी प्रेशर गेजवर ३ बार, दुपारी अमरावती रोडला २च्या खाली येऊन राहिलं होतं. सगळे म्हणत, पंप गेला. मी मीटर घेतला अन् गाडी चालू ठेवूनच मोजलं: बॅटरीवर १३.८ व्होल्ट, पंपाच्या टर्मिनलवर १०.६! जुन्या गाडीची बारीक वायर, त्यात गंजलेली अर्थची वायर. तापली की रोध वाढते, पंप मंद फिरते. जाड वायर, वेगळा रिले (पंपाचा करंट जोडणारा स्विच), नवी अर्थची वायर, इतकंच केलं. थंड गाडीवर मोजलं असतं तर काही सापडलं नसतं. अन् एक सांगतो, टाकीतल्या पंपाला पेट्रोलच थंड ठेवते. उन्हाळ्यात काटा पावच्या खाली जाऊ देऊ नका राजेहो.

महालातून

माझं थोडक्यात. पंप काढायलाच निघालो होतो; मिस्त्रीकाकांनी आधी ठिणगी पाहिली. ठिणगीच नव्हती. ठिणगीला करंट देणारी कॉइल तापली की मरायची, निवली की जिवंत. लक्षणं हुबेहूब पंपाची.

मानेवाड्याहून, बाबांची फियाट

आमचा पंप मेकॅनिकलच आहे. लहानपणी बाबा छागलीतलं पाणी फडक्यावर ओतून पंपाला गुंडाळायचे, आणि गाडी चालू व्हायची. इंजिनाचं काम करून आणल्यापासून मात्र हा त्रास रोजचा झाला. जुना पंप आणि आताचा, दोन्हींचे फोटो बाबांनी शेजारी ठेवले तेव्हा दिसलं: पंप आणि इंजिनाच्या ब्लॉकच्या मध्ये असणारा जाड स्पेसर (अंतर राखणारा तुकडा) परत लावलाच नव्हता. ब्लॉकची सगळी उष्णता थेट पंपात. स्पेसर मिळाला आहे, रविवारी बसवणार. नुसता बसवला की झालं ना, दादा?

धागाकर्ता

नाही ताई, घाई करू नका. स्पेसर आणि गॅस्केट (सांध्यातली पातळ चकती) मिळून जी जाडी होते, तिच्यावर पंपाला ढकलणारी दांडी किती बाहेर येते हे ठरतं. जाडी जास्त झाली तर पंप अर्धाच चालेल, कमी झाली तर पंपाच्या दांड्यावर आणि आतल्या लवचिक पडद्यावर ताण येईल. आधीची गॅस्केट सापडली तर तिची जाडी मोजून घ्या. आणि त्याच दिवशी रबरी पाइप बदला. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनं रबर त्याने फुगतं, तडकतं. काम गाडी पूर्ण थंड असताना, सकाळीच करा.