बाळंतिणीचं नैराश्य: आधी ताट बघायचं की मन?

पाऊलवाट: बाळंतपणानंतर बाई रडवेली झाली की लगेच गोळ्या सुरू, याला माझा आक्षेप आहे. नऊ महिने शरीरातलं लोह बाळाला गेलेलं, प्रसूतीत रक्त गेलेलं, वर अंगावर पाजायचं तर रोज सुमारे ५०० कॅलरी जास्तीच्या लागतात. मग थकवा येणार, चिडचिड होणारच. आधी हिमोग्लोबिन आणि बी१२ तपासा, नीट जेवू घाला. मन आपसूक सावरतं.

निरंजना: नाही सावरत, ताई. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच भरून येतं ते बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही राहिलं तर तो आजार धरायचा. जागतिक आरोग्य संघटना सांगते, नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के बायकांना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. त्यात उत्तम खाणाऱ्याही असतात. ऑस्ट्रेलियात सुमारे २,४०० गरोदर बायकांवर झालेला अभ्यास २०१० साली आला. माशाच्या तेलातलं डीएचए (एक ओमेगा-३ स्निग्धाम्ल) देऊनही बाळंतपणानंतरचं नैराश्य कमी झालं नाही.

माझ्या बहिणीसमोर ताट भरलेलं असायचं. ती घास हातात धरून बसायची, वरण बोटांवर वाळायचं. बाळ झोपलं तरी हिचा डोळा लागायचा नाही. घरचे म्हणायचे, खात नाहीस म्हणून असं होतंय. आजारामुळेच घास उतरत नव्हता, हे कळायला फार वेळ गेला, आणि तेवढा काळ दोष तिच्याच माथी.

पाऊलवाट: बहिणीचं वाचून वाईट वाटलं. पण रक्तक्षय असलेल्या बाईला तपासणीशिवाय नैराश्याची गोळी दिली तर तिचा थकवा कसा जाणार? माझा मुद्दा तिथेच आहे आणि तो मी सोडणार नाही.

रात्रपाळी: मी प्रसूती विभागात परिचारिका आहे. तपासणी हवीच, आणि त्यात थायरॉइडही घ्या. बाळंतपणानंतर ती ग्रंथी बिघडते तेव्हा लक्षणं हुबेहूब अशीच दिसतात. पण रक्ताचा अहवाल येईपर्यंत मनाचं थांबवू नका. बाळंतिणीचं नैराश्य ओळखायला वापरतात त्या एडिनबरा प्रश्नावलीत अवघे १० प्रश्न आहेत, पाच मिनिटांत होते. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. त्याला 'हो' आलं तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी डॉक्टर. भास होत असतील, भलतंच बोलत असेल, तर तासाभराचाही उशीर नको.

निरंजना: हेच म्हणायचं होतं. लोहाची गोळी द्या, जेवण द्या, माझी ना नाही. फक्त 'महिनाभर खाऊपिऊ घालू, मग बघू' असं करू नका. आणि पाजतेय म्हणून औषध नाकारणाऱ्यांनी डॉक्टरांना निदान विचारावं: सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरची औषधं दुधात फारच कमी उतरतात. माझ्या बहिणीला औषध सुरू झालं आणि मगच ती जेवायला लागली.