धक्का कोणाचा, ताकद कोणाची

वर एकांनी लिहिलंय की कल्याणला एक लोकल रखडली की ओळीत उभ्या केलेल्या डॉमिनोच्या सोंगट्यांसारखी सगळी मध्य रेल्वे कोसळते, म्हणजे दोष त्या पहिल्या गाडीचा. रखडण्याचं मान्य, दोषाचं नाही. सोंगटी पडते तेव्हा पुढचीला पाडणारी ताकद फक्त पहिल्या टिचकीतून येत नाही. प्रत्येक सोंगटी उभी करताना तिच्यात साठलेली ऊर्जा पडताना मोकळी होते. म्हणूनच लहान सोंगटी आपल्यापेक्षा दीडपट मोठीला पाडू शकते. लॉर्न व्हाइटहेड या भौतिकशास्त्रज्ञांनी 1983 मध्ये हे करून दाखवलं होतं. आणि दोन सोंगट्यांमधलं अंतर उंचीपेक्षा जास्त ठेवलं की माळ तिथेच थांबते. गाड्यांचंही तसंच, दोष कमी अंतराचा. सकाळी गाड्या तीन-चार मिनिटांच्या अंतराने सोडल्या की दिवा स्टेशनजवळचं रेल्वे फाटक जरा जास्त वेळ उघडं राहिलं तरी घाटकोपरपर्यंत खोळंबा. दुपारी तेवढाच उशीर कुणाच्या लक्षातही येत नाही.

अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी 7 एप्रिल 1954 ला आग्नेय आशियाबद्दल हीच उपमा वापरली होती: एक देश कम्युनिस्टांच्या हाती गेला की शेजारचेही पडतील. 1975 मध्ये कंबोडिया, दक्षिण व्हिएतनाम, लाओस एकापाठोपाठ गेले, थायलंड मात्र उभाच राहिला. तसंही डॉमिनोच्या मूळ खेळात पाडापाडी नसतेच! 28 सोंगट्या, टोकाचे ठिपके जुळले तर लावायची, नाहीतर पास. डब्यात पत्ते कुटणाऱ्या आपल्या मंडळींना हा खेळ दोन स्टेशनांत जमेल, फक्त हलत्या गाडीत सोंगट्या मांडायच्या कशावर हा प्रश्न आहे.