धंदा बुडाला म्हणजे पोरात चिकाटी नव्हती का?

तापीकाठ: आपल्याकडे कुणाचं दुकान बसलं की लोक लगेच माणसाचा स्वभाव काढतात. जळगावकडे रावेर-यावलला केळीवर सीएमव्ही हा विषाणूरोग आला, बागा उपटाव्या लागल्या, वेफर्सवाल्याला माल महाग पडला. यात त्याची चिकाटी काय करणार?

दाळमिलवाला: भाऊ, जैन इरिगेशनवाले भवरलालभाऊ जैन बघा. वाकोदचा माणूस, 1963 साली घरची सात हजारांची पुंजी घेऊन रॉकेल विकायला लागला. नव्वदीत फायनान्ससारख्या भलत्या धंद्यात हात पोळले, तरी पुन्हा पाइप-ठिबकवर येऊन उभे राहिले. याला काय म्हणायचं मग?

तापीकाठ: याला वेळेत सोडणं म्हणायचं! चिकटून बसले असते तर बुडाले असते. अमळनेरला 1945 मध्ये वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच आजची विप्रो. तुपालाच धरून बसते तर? आणि जैनांच्या कंपनीचं 2019 सांगा की. सरकारी प्रकल्पांचे पैसे अडकले, कर्ज थकलं. घर तेच, संस्कारही तेच.

दाळमिलवाला: थकलं, पण कंपनी बंद पडली का? 2022 मध्ये कर्जाची फेरआखणी झाली. बँका पळपुट्याशी बोलत बसत नाहीत. आमच्या लाईनीतलं सांगतो. 2021 मध्ये तुरीची आयात खुली केली. गोदामात महागाची तूर भरलेली, आणि बाजारात भाव पडलेला. अशा वेळी अडत्या पैशासाठी थांबतो तो माणूस बघून. तोट्यातसुद्धा ज्याने शब्द पाळला त्याला पुढच्या हंगामात उधारीवर माल मिळतो. ज्याने फोन उचलणं बंद केलं, त्याला रोखीनेसुद्धा कुणी दारात उभं करत नाही. पत म्हणतात ती हीच.

सातपुडा_नंदुरबार: पत स्वभावातून येते हे पेढीवाल्यांनाच सुचतं, राग मानू नका. ती आजोबांच्या नावावरून येते. धडगावचा पोरगा पहिल्यांदा मिरची घ्यायला उभा राहिला, कितीही सरळ असला, तरी त्याला पंधरा दिवस कोण थांबतं? पहिला पैसा अडकला की त्याचा खेळ खलास. मग तुम्हीच म्हणणार, टिकला नाही.

दाळमिलवाला: हे मात्र खरं आहे. नवीन माणसाला आम्हीही आधी रोखच मागतो. पण ओळख नसताना कशावर द्यायचं, तेही सांगा.

सातपुडा_नंदुरबार: थोडा माल देऊन बघा. दहा पोती द्या आधी, शंभर नको.

तापीकाठ: आणि तो बुडाला तर स्वभाव काढू नका, आधी भाव काय होता ते बघा.