पेलेट स्टोव्ह बंद होत नाही : विस्तव विझून गेल्यावरही दोन्ही पंखे चालूच राहतात, मदत हवी आहे

प्रश्न

आमच्या पेलेट स्टोव्हमधील (लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या, म्हणजे पेलेट, जाळणाऱ्या शेगडीतील) एका बिघाडाबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. स्टोव्ह वेळेवर पेटतो, नीट जळतो आणि उष्णताही पुरेशी देतो. परंतु बंद करण्याचे बटण दाबल्यावर तो पूर्णपणे बंद होत नाही. ‘बंद होत नाही’ या एकाच तक्रारीत अगदी वेगवेगळे बिघाड येऊ शकतात, म्हणून नेमके काय घडते ते क्रमाने सांगते.

बटण दाबताच हॉपरमधून (इंधनाच्या टाकीतून) पेलेट पुढे आणणारा ऑगर, म्हणजे फिरणारा स्क्रू, थांबतो, त्यामुळे नवे इंधन पडत नाही. जळणाच्या भांड्यात उरलेले पेलेट जळून जातात, ज्योत विझते आणि काही वेळाने निखाऱ्यांचीही राख होते. इथपर्यंत सारे पूर्वीसारखेच आहे. त्यानंतर मात्र धूर बाहेर ढकलणारा पंखा आणि खोलीत गरम हवा सोडणारा पंखा, हे दोन्ही थांबत नाहीत. रात्री बंद केलेल्या स्टोव्हचा पत्रा सकाळी हाताला पूर्ण थंड लागतो, तरी पंखे फिरतच असतात आणि ‘बंद होत आहे’ असे दाखवणारा दिवा लुकलुकत असतो. शेवटी प्लग काढावा लागतो, आणि पुन्हा लावला की पंखे लगेच सुरू होतात.

स्टोव्ह तापलेला असताना मी प्लग कधीही काढत नाही, कारण या स्टोव्हचा धूर नुसत्या चिमणीच्या ओढीवर नव्हे, तर पंख्याच्या जोरावर बाहेर जातो. निखारे जिवंत असताना तो पंखा थांबला, तर धूर आणि त्यासोबत कार्बन मोनॉक्साइड खोलीत येण्याचा धोका असतो.

आतापर्यंत केलेली तपासणी अशी. खोलीतील थर्मोस्टॅटच्या तारा स्टोव्हच्या बाजूने सोडवून पाहिल्या, फरक पडला नाही. जळणाचे भांडे, राखेचा ट्रे आणि धुराचे मार्ग साफ केले, तरीही तेच. दाराच्या फटी बंद करणारे गास्केट कागदाची पट्टी अडकवून तपासले, पट्टी सर्व बाजूंनी घट्ट धरली जाते. आणखी एक गोष्ट अलीकडे लक्षात आली : पूर्वी स्टोव्ह पेटवल्यावर खोलीतील हवेचा पंखा ज्योत चांगली धरल्यानंतरच सुरू होत असे, आता तो थंड स्टोव्हवरही पहिल्या क्षणापासून फिरतो.

एका दुरुस्ती करणाऱ्यांनी फोनवर लक्षणे ऐकून संपूर्ण कंट्रोल बोर्ड बदलण्यास सांगितले आहे. बोर्ड बदलण्याआधी दोष तिथेच आहे, याची खात्री करून घेण्याचा काही मार्ग आहे का? मल्टीमीटर माझ्याकडे आहे आणि तो वापरता येतो.

प्रतिसाद

आपण शेवटी नोंदवलेली गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. थंड स्टोव्हवर खोलीचा पंखा लगेच फिरू लागतो, याचा अर्थ आत विस्तव आहे आणि तो तापला आहे, अशी खूण बोर्डाला मिळते आहे. ती खूण बहुतेक स्टोव्हमध्ये धुराच्या पंख्याच्या घरावर (बाहेरील आवरणावर) किंवा धुराच्या मार्गावर बसवलेली नाण्याएवढी स्नॅप डिस्क, म्हणजे तापमानानुसार आपोआप उघडझाप होणारा स्विच, देते. थंड असताना तिचा संपर्क उघडा, म्हणजे तुटलेला, असतो. धूर तापला की संपर्क बंद होतो, म्हणजे जोडला जातो, आणि विस्तव विझून तापमान उतरले की पुन्हा उघडतो. अनेक स्टोव्हमध्ये संपर्क बंद होण्याचे तापमान ११० ते १४० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ४३ ते ६० अंश सेल्सिअस असते. डिस्क बंद अवस्थेतच अडकली, तर आपण वर्णन केलेली लक्षणे तंतोतंत दिसतात.

दोष बोर्डात असता, तर सहसा एखाद्या मोटरला वीज पुरवणारा ट्रायॅक (इलेक्ट्रॉनिक स्विच) जळून कायमचा जोडलेला राहिला असता, आणि मग ती एकच मोटर अनियंत्रित चालली असती. दोन पंख्यांचे दोन ट्रायॅक एकाच वेळी निकामी होण्यापेक्षा दोघांना मिळणारी एक खूण चुकीची असणे कितीतरी अधिक संभवते. म्हणून बोर्डाला आताच हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तपासणी अशी करावी. स्टोव्ह पूर्ण थंड असताना प्लग काढावा, डिस्कच्या दोन्ही तारा सोडवाव्यात आणि मगच तिच्या दोन टोकांवर मल्टीमीटर लावावा. तारा जोडलेल्या राहिल्या, तर इतर मंडलामार्गे वाचन येऊन फसगत होते. थंड डिस्कमधून जोडणी दिसली, तर ती अडकलेली आहे. मात्र तत्पूर्वी योग्य डिस्क हाती आहे ना, हे पुस्तिकेतील आकृतीवरून पाहावे. हॉपरजवळ किंवा ऑगरजवळ दिसायला तशीच दुसरी डिस्क असते. ती अतितापापासून संरक्षण करते, थंड असताना तिचा संपर्क बंदच असतो आणि काही डिस्कच्या मधोमध पुन्हा सुरू करण्याचे बारीक बटण असते. त्या डिस्कचे वाचन पाहून निष्कर्ष काढला, तर चांगला भाग फेकला जाईल. आपल्या स्टोव्हमध्ये डिस्कऐवजी तापमान मोजणारी काडी असेल, तर तिच्यावरील काजळी पुसून ती जागेवर नीट बसली आहे ना, हे आधी पाहावे.

हा धागा वाचणाऱ्या ज्यांचा ऑगरच थांबत नसेल, त्यांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. तिथे थर्मोस्टॅटचा चिकटलेला संपर्क, एकमेकींना टेकलेल्या तारा किंवा ऑगरचा ट्रायॅक यांचा संशय घ्यावा. अशा वेळी घाबरून प्लग ओढू नये. बऱ्याच स्टोव्हमध्ये हॉपरचे झाकण उघडले की ऑगर थांबतो आणि धुराचा पंखा चालू राहतो. आपल्या स्टोव्हमध्ये तशी सोय आहे का, हे पुस्तिकेत पाहून ठेवावे. सोय नसेल, तर हॉपरमध्ये नवे पेलेट न घालता आहेत ते संपू द्यावेत.

प्रश्नकर्तीची पुढील नोंद

आपले मनापासून आभार. आकृतीवरून धुराच्या पंख्याच्या घरावरील डिस्क शोधली, दोन्ही तारा सोडवल्या, आणि स्टोव्ह पूर्ण थंड असूनही मल्टीमीटरने जोडणी दाखवली. पेचकसाच्या मुठीने हलकेच टिचकी मारताच संपर्क उघडला, पण केसांच्या ड्रायरने गरम करून थंड होऊ दिल्यावर तो पुन्हा अडकला. त्याच तापमानाची आणि त्याच प्रकारची नवी डिस्क बसवली आहे. आता खोलीचा पंखा ज्योत धरल्यावरच सुरू होतो आणि बंद केल्यानंतर दोन्ही पंखे आपोआप थांबतात.

एक शंका उरते. निखारे काळे पडल्यानंतरही पंखे बराच वेळ चालतात. हे योग्य आहे का? आणि नवी डिस्कही अशीच अडकू नये, यासाठी काही पाहण्यासारखे आहे का?

प्रतिसाद

पंख्यांचे ते चालणे योग्यच आहे. विस्तव दिसेनासा झाला, तरी ओतीव लोखंड आणि उष्णतेच्या नळ्या तापलेल्या असतात, आणि धुराचा मार्ग थंड होईपर्यंत डिस्क उघडणार नाही. ऑगर जास्त पेलेट देत असेल किंवा भांड्यात राख साचली असेल, तर हा वेळ आणखी वाढतो.

डिस्क अडकण्याबद्दल पाहायचे, तर काही मांडण्यांत पंख्याच्या मोटरचा प्रवाह थेट या डिस्कमधून जातो, आणि उघडझाप होताना पडणाऱ्या ठिणग्यांनी संपर्काचे धातू हळूहळू एकमेकांना चिकटू लागतात. पुस्तिकेतील विद्युत आकृतीत डिस्कची तार मोटरकडे जाते की केवळ बोर्डाकडे, ते पाहावे. मोटरकडे जात असेल, तर प्लग काढून, स्टोव्ह थंड असताना दोन्ही पंखे हाताने फिरवून पाहावेत. पाती राखेने जड झाली असतील किंवा बेअरिंग अडखळत असेल, तर मोटर जास्त प्रवाह ओढते. त्यामुळे पंख्याची सफाई करून अडखळणारी मोटर बदलावी, अन्यथा नवी डिस्कही त्याच भाराखाली काम करत राहील.